शेजारचा मणका

—नाही हो दादा, असे ताटकळत नका उभे राहू, बसा त्या स्टुलावर. मुलाखत आहे ना तुमची! बापाला उचलायला लेकीनं माणूस पाठवला — तिथं फोनवर बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! आईनं जड उचलायचं नाही म्हणे. माझ्या कमरेचे दोन मणके जोडलेत, सांगितलं का तिनं? स्क्रू ठोकून लग्न लावलंय त्यांचं, घटस्फोटाची सोयच नाही. आणि ते दोघं मजेत, हलत नाहीत की डुलत नाहीत — त्यांच्या वाटचं वाकणं-वळणं सगळं वरच्या शेजारी मणक्यानं करायचं. झिजला बिचारा. आता पाय बधिर होतो माझा. परवा डॉक्टर पाठीचा फोटो बघून कारणं सांगायला बसले. वय! म्हटलं, मग ते कमी व्हायची गोळी द्या. मग वजन, मग ठिसूळ हाडं. मग म्हणे, तो शेजारी ऑपरेशनच्या वेळीच थोडा झिजलेला होता — म्हणजे चूक त्याचीच, नाही का? मग विचारतात, सिगारेट ओढता? मी? ओढायचे ते, पलंगावरचे साहेब, आणि मणका झिजला माझा. संसार म्हणतात तो हाच! शेवटी विचारलं, घरी वाकून जड काही उचलता? म्हटलं, छे, चहाच्या कपापेक्षा जड काही नाही.

खोटं बोलले. मग काय सांगायचं — नवरा उचलते? पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, परत पलंगावर? लगेच दुसरं ऑपरेशन, तोही मणका जोडायचा, मग त्याच्या वरचा झिजणार — मजल्यावर मजला चढवायचा पाठीत!

तुमच्याआधी दोघं येऊन गेले. एकाच्या अंगाला वास, दुसरा फारच गोड बोलायचा — दिले घालवून. लेक म्हणते, आई, तुला कुणीच कसं पसंत पडत नाही? तिला काय सांगू! अर्धांगाचा झटका आल्यापासून हे बोलत नाहीत, ओळखतात की नाही देव जाणे. पण उचलायला वाकले ना, की डावा हात माझ्या गळ्यात टाकतात — घट्ट. धडधाकट होते तेव्हा कधी जवळ घेतलं नाही हो, जन्मभर तोंडासमोर पेपर. त्या एका हातासाठी मणका गेला तर जाऊ दे, म्हणते मी... काय बोलून गेले! विसरा ते.

हं, उचलून दाखवा. गुडघ्यात वाका, कमरेत नको — शिकवलं मला, उपयोग तुम्हाला. हळू — खाली चप्पल आहे — हां —

अहो.

टाकला की हात. तुमच्या गळ्यात. तस्साच. म्हणजे जो उचलेल त्याचा गळा... बरंय. बसवा खुर्चीत, मागे उशी द्या. छान उचलता हो, नाव ठेवायला जागा नाही. उद्या सकाळपासून या. लेकीला कळवते, पसंत पडला म्हणून. काय? नाही, मला कुठं काय झालंय — पाठ आहे, दुखते. निघा आता. दार ओढून घ्या.