यूलाचा आवाज आणि दोघा भावांचे दोन डबे

सन्माननीय अध्यक्ष फादर मूटन, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले चर्चचे विश्वस्त, ज्याला निरोप द्यायला आपण जमलो तो अल्सीड फॉन्टेनो, त्याच्यापासून मुद्दाम चार खुर्च्या सोडून बसलेला त्याचा धाकटा भाऊ ड्यूई, आणि गम्बोच्या रश्श्याच्या वासाने चुळबुळ करणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

अल्सीडला ह्यूस्टनला मोठी संधी मिळाली, असं आतापर्यंतच्या सगळ्या वक्त्यांनी सांगितलं. टाळ्याही पडल्या. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर क्लोटिल्डनी मला खोटं बोलू नये असं शिकवलं. दुसऱ्याचं खोटं गोड मानून घ्यावं असं नाही शिकवलं. कसली संधी? सख्खे भाऊ एका बटणावरून भांडले, म्हणून थोरला गाव सोडतोय.

चर्चची जुनी फ्रेंच गाणी आता आम्हां आठ म्हाताऱ्या बायकांनाच येतात. ती ड्यूईच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित करायचं ठरलं. या दोघांची आई यूला आमच्या रांगेतली सातवी. पहिल्या ओळीत बसली आहे, नाकात ऑक्सिजनची नळी आहे, तीच. त्या दिवशी नळी काढून ती जे गायली, ते ऐकून फादरांनी चष्मा पुसला होता.

पण ड्यूईला आकड्यांची हौस. आवाज सेकंदाला जितक्या वेळा मोजायचा, त्याच्या दुप्पट वेळा मोजायला त्याने यंत्राला सांगितलं. का? तर बारकावे येतात. कुणासाठी? आमच्यातल्या तिघी कानात श्रवणयंत्र घालतात. दुप्पट मोजलं की तेवढ्याच तारेतून निम्मेच आवाज जातात. आवाज मोजणाऱ्या त्या यंत्राच्या डब्यावर आठही दिवे लागले होते, पण तारेतून कॉम्प्युटरपर्यंत पोचल्या पहिल्या चौघी. उरलेल्या चौघी हवेत विरल्या. त्यात यूला.

अल्सीडला कळलं तसा तो रागारागाने आपला तसलाच डबा घेऊन आला. चौघी ड्यूईच्या डब्यात, चौघी याच्या. यूला पुन्हा उभी राहिली, पुन्हा गायली. आणि ऐकायला बसलो, तर तापल्या तेलात पाण्याचे थेंब पडावेत तशी गाणंभर तडतड.

कारण साधं. दोन डबे आवाज मोजत असतील, तर दोघांचा ठेका एकच लागतो. एकाने ठेका द्यायचा, दुसऱ्याने ऐकायचा. इथे दोघांनीही आपापलाच धरला होता. एक बटण फिरवायचं होतं. टेलिफोन कंपनीत माझा जन्म गेला. एक एक्सचेंज दुसऱ्याच्या ठेक्यावर चाललं म्हणून आमच्याकडे कुणाचं नाक कापलं गेलं नाही.

ड्यूई म्हणाला, "दादा, स्टुडिओ माझा. तुझा डबा इथे पाहुणा आहे. पाहुण्याने घरच्या वेळेला जेवावं."

अल्सीड म्हणाला, "तुझ्या सायकलमागे मी गावभर धावलो. आता तुझ्या डब्यामागेही धावू?"

पुढचं चर्चच्या माणसांसमोर सांगण्यासारखं नाही. यूला कोट चढवत होती. ती एवढंच बोलली, "माझ्यात अजून एकदा गाण्याइतका दम आहे. दोनदा नाही. तुमचं ठरलं की बोलवा."

त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. आज सकाळी या हॉलच्या तीन पायऱ्या चढताना ती दोनदा थांबली. तुम्ही दोघांनी पाहिलंत का? मी पाहिलं. म्हणून मला इथे स्वस्थ उभं राहवत नाही.

आता भेटवस्तू. निरोपाला सोन्याचं मनगटी घड्याळ द्यायची आपली रीत आहे. वर्गणी तुम्ही माझ्याकडे दिलीत. विश्वस्तांनी क्षमा करावी, सोनं आणलेलं नाही. हा काळा डबा आणला आहे. हा गाणं मुद्रित करत नाही, फक्त ठेका देतो, आणि बाकीच्या डब्यांनी तो ऐकायचा. दोघांनीही. धाकट्याने थोरल्याचा नाही, थोरल्याने धाकट्याचा नाही. हा डबा फॉन्टेनो नाही, त्यामुळे तो कुणाचा अपमान करू शकत नाही.

ड्यूई, मान हलवू नकोस. तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतं. आकडा पूर्ववत केला की आठही बायका तुझ्या एकाच तारेत मावतात, अल्सीडच्या डब्याची गरजच उरत नाही. हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच तुझा आकडा तसाच राहू दे. त्याच्या डब्याची गरज उरावी, हेच मला हवं आहे.

फादर, आपल्या परवानगीने सभा मधेच थांबवते. स्टुडिओ अंगणापलीकडे आहे. आम्ही सातजणी गळा साफ करून आलो आहोत. अल्सीड, तू आईचा हात धर. ड्यूई, तू सिलिंडर उचल. तिच्या दोन बाजूंनी चालायचं म्हणजे पावलं जुळवावी लागतील.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही जास्त बोलले असेन तर वयाकडे पाहून पोटात घाला, आणि गम्बोचं झाकण आम्ही परत येईपर्यंत कुणी उघडू नका.