बाप उचलला तर काय धरायचं?

…बरं, नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर ती बाई ऐकेना, मग तुम्हीच सांगा, याला म्हणायचं काय? तुम्हाला सांगतो, आरोग्य केंद्राकडून घरोघर फिरणारी ती बाई, खुर्चीत टेकली न टेकली तोच विचारते, "काका, गेल्या आठवड्यात स्नायू बळकट करायचा व्यायाम किती दिवस केलात?" आता माझा धंदाच लोकांची कपाटं, फ्रीज उचलून वरच्या मजल्यावर चढवायचा… म्हटलं, रोज. "ते काम झालं काका, काम धरायचं नाही." बरं. म्हटलं, अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, पलंगावरून उचलून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून परत… "ते घरकाम झालं. मोकळ्या वेळात मुद्दाम केलेलं सांगा." मोकळ्या वेळात मी आडवा असतो हो. आणि शेजारचे कारकून टीव्हीपुढे बसून रबराचा पट्टा ताणतात, तो मात्र धरायचा. पट्टा ताणला तर व्यायाम, बाप उचलला तर… याला म्हणायचं काय?

बायको आतून म्हणते, "अहो, नाही म्हणून मोकळे व्हा की. डॉक्टर काय म्हणाले, विसरलात?" तेही खरंच. कंबर गेलीय माझी. डॉक्टर म्हणाले, केंद्रातल्या वर्गात जाऊन पाठ बळकट करा, नाहीतर वडिलांना उचलणं विसरा. आणि तो फुकटचा वर्ग फक्त अशा घरांसाठी, जिथं कुणीच व्यायाम करत नाही. म्हटलं, लिहा बाई, शून्य. बायकोचंही शून्य.

झालं, सुटलो म्हणेपर्यंत बाई म्हणते, "घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला विचारावं लागतं," आणि वळली अण्णांकडे. अण्णा उशीला टेकून ताठ झाले. "रोज करतो," म्हणाले. "याच्या गळ्यात हात घालतो आणि स्वतःला वर ओढतो. हा नुसता उभा असतो."

"मोकळ्या वेळात, आजोबा?"

"मला दुसरा कुठला वेळ आहे, पोरी?"

बाई माझ्याकडे बघते, बायको दारातून डोळे वटारते… मी एकदा नाही म्हटलं असतं तर वर्ग आमचा होता. पण म्हाताऱ्याच्या तोंडावर असं काही तेज आलं होतं… म्हटलं, ओढतात हो बाई. चांगली ताकद आहे.

वर्ग गेला. बाई जिना उतरते न उतरते तोच अण्णा म्हणतात, "चल, ने मला आत. बोलून दमलो."

म्हटलं, चला पैलवान. आणि कंबरेला म्हटलं, तूही चल.