कॉम्प्युटरची कोरी पाटी

गाडी आज धुराच्या तपासणीत पास झाली, तर सासरे ती जावयाला फुकट देणार होते. नाही झाली, तर भंगारात. बाकावर शेजारी बसलेल्या शिंपीणबाईंना एवढं कळलं आणि पुढचं ऐकायला म्हणून त्यांनी रांगेतला आपला नंबर मागच्याला देऊन टाकला.

“सेन्सर नवा बसवलाय, बाबा,” जावई म्हणाला. “बॅटरी काढून गाडीतल्या कॉम्प्युटरची जुनी आठवणही पुसलीय.”

“ते मागच्या आठवड्यात. मग त्या कॉम्प्युटरनं गाडीची चाल नव्यानं शिकावी म्हणून मी तुमच्या सासूबाईंना घेऊन रोज गावभर हिंडलो. कान किटले माझे.”

“आज सकाळी बॅटरी पुन्हा एकदा काढून लावली. म्हटलं, कसर नको.”

“पुन्हा?”

तेवढ्यात तपासनीस दारात आला. “जुनी लाल गाडी कुणाची? कॉम्प्युटर साफ कोरा आहे. त्याला काही शिकू द्या, भरपूर चालवा, मग आणा.”

“ऐकलंत, जावईबापू? माझी आठवड्याची शिकवणी धुऊन टाकलीत.”

“मग आता?”

“आता किल्ली घ्या. हिंडा.”

“एकटाच ना?”

“छे. सासूबाई पुढच्या सीटवर. माझा वाटा मी भरलाय, उरलेलं तुम्ही फेडा.”