बिनमढ्याचा विलाप

नारिनच्या स्टँडवर गाडी भरायची वाट बघणाऱ्या ड्रायव्हर सातारकुलच्या कानावर मागच्या सीटवरचं भांडण पडत होतं. एक म्हातारी आणि नुकतीच पदवी घेतलेली, शहरातली पोरगी.

"कुणी मेलेलं नसताना मी कोशोक गाऊ? तुझ्या त्या आवाज टिपायच्या यंत्रासाठी?"

"नोंद नाही झाली आपा, तर हे विलाप तुमच्याबरोबरच संपतील."

"उगाच विलाप केला की घरात मढं पडतं. विद्यापीठात एवढंही शिकवलं नाही?"

"पहिलीच नोकरी आहे. अहवालात तीन तरी कोशोक हवेत."

"हवेत म्हणे. कांदे घ्यायला आलीस का? जा, तुझ्या आजीकडून घे."

"ती मार्चमध्ये गेली."

"मग तिच्यावर कोण गायलं?"

"कुणीच नाही. आमच्याकडे कुणाला येत नव्हतं. पाहुणे आले, जेवले, गेले."

"म्हातारीला मुकाट पुरलंत, आणि गावोगाव नमुने गोळा करत फिरतेस?"

पोरगीनं यंत्र मांडीवर उपडं ठेवलं.

"नाव काय तिचं?"

"साइकाल."

"ते यंत्र पिशवीत टाक. खाली उतर, आणि त्या भिंतीकडे तोंड करून माझ्याशेजारी बस. कोशोक तसाच बसून गातात."

"गाडी सुटेल, आपा."

सातारकुलनं किल्ली काढून खिशात घातली.