आईपुरतं

मामा : कानाचं एक मशीन बंद पडलंय, ते समजलं. पण हे दुसरं तर ठणठणीत आहे. ते कशाला उघडायचं?

भाची : उघड ना. आत काही झिजलं असेल तर बदलून टाक. आईला दोन्ही कानांना लागतं.

मामा : ताईच्या कानांची ओळख तू मला करून देतेस? दुकान टाकलं तेव्हापासून तिची मशिनं मीच दुरुस्त करतोय. हे पुढच्या वर्षी आण.

भाची : नको, आजच कर. आणि सुटे भाग मिळतील तेवढे भरून ठेव.

मामा : खासदार झाल्यापासून तुझी घाई फार वाढली. बस त्या स्टुलावर. सोमवारी त्या व्यापार करारावर मतदान ना?

भाची : हो.

मामा : तू तो वाचलास म्हणे. टीव्हीवर दाखवलं, तो वाचायला ठेवलाय त्या खोलीतून बाहेर येताना. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

भाची : फोन बाहेर, पेन बाहेर, आणि मागे पहारेकरी उभा. वाचलेलं कुठे बोलणार नाही, अशी सही घेतलीय. बोलले तर खासदारकी जाईल, वर खटला.

मामा : मग आम्हाला कधी कळणार?

भाची : मंजूर झाला की छापतील.

मामा : म्हणजे लग्न लावून मग स्थळ सांगायचं.

भाची : मंत्री म्हणतात, बोलणी चालू असताना आपले पत्ते समोरच्याला दाखवायचे नसतात.

मामा : अगं, समोरच्यानं तर वाचलाय. त्याच्याच बरोबर बसून लिहिलाय ना? लपवलाय तो आमच्यापासून.

भाची : मीही हेच विचारलं. त्यांनी दुसऱ्याचा प्रश्न घेतला.

(मामा हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवतात.)

मामा : थांब. चांगलं मशीन आजच का उघडायचं? सुटे भाग का भरून ठेवायचे?

भाची : सहज म्हटलं.

मामा : कंपनीच्या माणसाशिवाय कुणी मशीन उघडायचं नाही, असं आहे का त्यात?

भाची : मामा, नको विचारू.

मामा : सुटे भागही बाहेर मिळणार नाहीत?

भाची : नको विचारू म्हटलं ना.

मामा : बरं, नाही विचारत. माझं काय, दुकान आज ना उद्या बंद करणारच होतो. पण बाहेर बाकावर बसलेल्यांना कंपनीचे दर परवडतात होय? घरात बसतील मुक्यासारखे.

भाची : बाजूनं मत द्यायचा पक्षाचा आदेश आहे. विरोधात मत दिलं तरी का दिलं, हे सभागृहात सांगता येणार नाही. नुसतं ‘नाही’ म्हणून खाली बसायचं.

मामा : मग तेवढं तरी म्हणशील?

भाची : माहीत नाही. खरंच माहीत नाही, मामा.

मामा : निवडणुकीत मी दारोदार काय सांगत फिरलो, आठवतं? माझ्या भाचीला काहीही विचारा, ती तोंडावर उत्तर देते.

भाची : आठवतं, म्हणून तर मन खातंय. आले ते एवढ्यासाठीच. निदान आईपुरतं तरी काही करावं म्हणून.

मामा : तेच लागलं गं मला. आईपुरतं.

भाची : मामा...

मामा : हे चांगलं मशीन परत ने. बिघडलेलं ठेव, करतो. पण आधी त्या बाकावरच्या बाईंना आत पाठव. त्यांना कुणी खासदार भाची नाही.