दोरी बांधलेला फ्रीज

नाव फुसेनी वुम्बेई, वय ४९ वर्षे, धंदा घरोघरची बिघडलेली विजेची उपकरणे हातगाडीवर गोळा करणे, शिक्षण गावच्या शाळेत सहावी, राहणार कांदाबाजारामागे, आक्रा, मूळ गाव घानाच्या उत्तर भागातले तांपियन.

मी ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की, याच कामासाठी मी आज तिसऱ्यांदा आलो आहे. आधीच्या दोन जबाबांचे कागद सापडत नाहीत असे मला सांगण्यात आले, म्हणून पुन्हा सांगतो.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मी बुकोम वस्तीतून देदेई लार्ते, वय ७२, यांच्या घरचा बंद फ्रीज उचलला. देदेईआजी टेशीला मयताच्या कार्यासाठी गेल्या होत्या. त्यांची कुमासीला राहणारी मुलगी कोर्कोर आईसाठी नवा फ्रीज घेऊन आली होती. ती म्हणाली, "न्या अल्हाजी. नऊ वर्षं मेलेलाच आहे, आईला काही फेकवत नाही." मी हज केलेली नाही, उत्तरेकडच्या माणसाला इथे अल्हाजीच म्हणतात.

फ्रीजला दोरी बांधलेली होती. आमच्या धंद्यात दोरी म्हणजे वाटेत दार उघडू नये म्हणून केलेली सोय. त्या वस्तीत बंद फ्रीजचे कपाट करतात, उंदीर लागत नाहीत, आणि दोरी म्हणजे आत सामान आहे. बावीस वर्षे या शहरात राहून हे मला आठवायला हवे होते.

तांब्यासाठी नाल्याकाठी तारा जाळणाऱ्यांना मी माल देत नाही. फ्रीजमधला वायू नीट काढून घेणाऱ्या संकलन केंद्रावर गेलो. तिथे घरमालकाच्या सहीचा अर्ज मागितला. परत बुकोमला जाऊन कोर्कोरची सही आणली, तोवर बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. शनिवारी केंद्र बाराला बंद होते. रखवालदार म्हणाला, "ठेव फाटकाशी. हे मढं कोण नेतंय?" मी ठेवला व नमाजाला गेलो.

सोमवारी फ्रीज तिथे नव्हता. नाल्याकाठी नुसता पत्रा मिळाला. तारा जाळणाऱ्यांनी आतला फोम सरपणाला वापरला होता. आत काही कागदपत्रे होती का असे विचारता त्यांच्यातला एक म्हणाला, "पेटतं ते पेटवतो. वाचत कोण बसतंय?"

देदेईआजी त्याच दिवशी माझ्या खोलीवर आल्या.

"दोरी दिसली नाही का रे?"

"दिसली, आजी."

फ्रीजमध्ये बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घरजागेचे मूळ कागद होते, असे त्यांचे म्हणणे आहे. दिराने त्या जागेवर दावा लावला आहे. कागद नष्ट झाल्याची पोलिसांत नोंद असेल तरच जमीन कार्यालय नकला देते. सुनावणी येत्या गुरुवारी आहे.

आज हवालदारसाहेब म्हणाले, "अल्हाजी, फ्रीज रिकामा होता असं लिहू. तुम्ही सुटाल, पोरगी सुटेल, मीही जेवायला जाईन." कोर्कोर बाकावर बसली होती. तीही म्हणाली, "म्हणा ना हो. आईला कुठं काय ठेवलं ते आठवतं थोडंच."

मी दार उघडले नाही, त्यामुळे आत कागद होते असे मी शपथेवर सांगू शकत नाही. परंतु गाडीवर चढवताना फ्रीज कलता केला, तेव्हा आत पत्र्याचे काहीतरी घसरून दारावर आपटले. मी ते ऐकले. कोर्कोरनेही ऐकले असावे, कारण ती "सावकाश" म्हणाली. मी थांबलो नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला व माझ्या भाषेत समजावून सांगितला. त्यात फ्रीजपुढे 'रिकामा' असा शब्द दोन ठिकाणी लिहिलेला होता. तो माझ्या सांगण्यावरून दोन्ही ठिकाणी खोडला असून शेजारी माझी सही आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.