बर्फ वितळल्यावरची खुरपणी

"हॅलो?… हॅलो?… हां, बोल गं. येतंय ऐकू. थांब, हा पंखा बंद करते, लई खडखडतो मेला."

पिंपरी पेंढार गावातल्या घराच्या ओसरीवर मे महिन्यात सकाळी नऊला पंखा बंद करणं ही साधी गोष्ट नव्हती. पण फोन अमेरिकेहून होता, लेकीचा, स्नेहलचा. साळुबाईंनी शेंगांचं सूप मांडीवर ओढलं, फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबला आणि शेंगा फोडायला घेतल्या.

"जेवलीस का?… आन काय खाल्लं?… पाला. बरं. जावई बरे हायेत ना?… झालं मंग. अगं ऐक ना, कूलर आणलाय… कूलर, कूलर! तुझ्या बापानं आळेफाट्यावरनं आणला, टेम्पोत घालून… माझ्यासाठी कशाला? मी काय लोण्याची हाय का? तुझ्यासाठी! तुला आता हितलं ऊन सोसायचं न्हाई. माडीवरच्या खोलीत ठेवलाय. खिडकीला जाळी बी मारून घेतली, बिबट्याचा काय भरवसा… हो, हो… हो, आता अंगणात येतो तो. परवा शेजारच्या हर्षालीचं कुत्रं नेलं. बरं ते मरू दे. इमान किती वाजता उतरतंय? तुझा बाप गाडी सांगून ठेवतो म्हणतोय, इसाव्या तारखेला… काय?"

शेंग अर्धी फुटून बोटात राहिली.

"विसाला न्हाई म्हंजी?… थांब, थांब. पुढचं राहू दे, आधी हे सांग. न्हाई म्हंजी काय?"

स्नेहल सहा वर्षांपूर्वी तिकडे गेली आणि एका डोंगरावर नोकरीला लागली. हिवाळ्यात त्या डोंगरावर बर्फ पडतो. मग शहाणीसुरती माणसं पायाला फळ्या बांधून वरून खाली घसरत येतात, आणि खाली पोचली की पुन्हा वर जातात, पुन्हा घसरायला. साळुबाई त्याला घसरगुंडीचा डोंगर म्हणत. त्या धंद्याबद्दल त्यांचं जे मत पहिल्या दिवशी झालं होतं ते आजतागायत तसूभर हललं नव्हतं. पण त्यात एक सोय होती, ती त्यांना मान्य होती. बर्फ वितळला की डोंगर बंद आणि लेक मोकळी. तीन उन्हाळे झाले, दर वेळी काहीतरी आडवं आलं होतं. यंदा मात्र विसावी तारीख नक्की ठरली होती.

"अगं पर बर्फ वितळला ना?… वितळला. मंग डोंगर बंद… बंद न्हाई? मंग घसरत्यात कशावरनं, मातीवरनं?… कार्यक्रम? कसलं कार्यक्रम?… उन्हाळी. गावच्या लोकांसाठी. आन तू त्याची हेड… बरं, हेड तर हेड. पेढे वाटते… टोमणा न्हाई मारू तर काय ओवाळू तुला?… हे बघ, मी बोलते ते ऐक आधी. आपली यात्रा झाली की बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट वरीसभर मोकळा असतो का न्हाई? शेळ्या चरत्यात तिथं. कुणी म्हणतं का, या रं समदे, घाट रिकामा हाय, कार्यक्रम करू?… मंग तुमच्या डोंगरावर बी शेळ्या सोडा की! माणसं कशापायी सोडता?"

हा मुद्दा साळुबाईंना इतका बिनतोड वाटला की त्यांनी दोन शेंगा एकदम फोडल्या.

"बरं, सांग तरी. काय करतीस कार्यक्रमात? कशापायी आईला वाट बघायला लावलीस, कळू तर दे… पाळणा. तारंवरचा… त्यात बसून वर जात्यात. मंग?… चालत खाली येत्यात. आन मधी काय करत्यात?… फुलं बघत्यात… रानातली… तोडत न्हाईत? नुसती बघत्यात? तिकीट काढून?… अहो! ऐकलं का? तिकीट काढून रानफुलं बघत्यात तिकडं!"

हे 'अहो' दारात बसून पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरशी झटापट करणाऱ्या हौशीरामांसाठी होतं. त्यांनी मान हलवली. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलं होतं की बायकोच्या अशा प्रश्नांना उत्तर लागत नाही.

"आन बारक्या पोरांना काय दाखवता?… किडं. भिंगातनं… कुठलं बी किडं? अगं मंग आपल्या डाळिंबावर आण त्यांना. भिंग बी लागायचं न्हाई… आन जनावर आडवं आलं तर? ते बी शिकवतीस?… हात वर करायचं. मोठं दिसायचं. हां… हितं बिबट्यानं मान धरू नये म्हून बाया गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून रानात जात्यात, बाई. त्यांना सांगते आजच. पट्टा काढा, हात वर करा, स्नेहल म्हणती… मी थट्टा करतीय? थट्टा तुमी लावलीय डोंगराची. हितं जनावर फुकट दारात येतं, तर झोप न्हाई कुणाला. आन तुमी त्याच्याकडं चालत जाता, पाण्याची बाटली घेऊन!"

पलीकडून स्नेहल काहीतरी सांगू पाहत होती. दोनदा तिने सुरुवात केली आणि दोनदा साळुबाईंनी ती खोडून काढली. तिसऱ्या वेळी मात्र एक ओळखीचा शब्द कानावर पडला आणि त्या थबकल्या.

"काय पाठवू?… खुरपी?… खुरपी म्हंजी आपली गवताची खुरपी? आन सहा?… गावातल्या आरतीबरोबर? ती सत्तावीसला जाती व्हय परत अमेरिकेला… देते गं. पर तुला कशाला सहा खुरपी? गच्चीवर मेथी लावलीस का?… डोंगरावर?… दर शनिवारी लोकं येत्यात. आन?… आन खुरपत्यात."

साळुबाईंनी सूप बाजूला सारलं. हे नीट बसून ऐकण्यासारखं होतं.

"मजूर म्हण की… मजूर न्हाईत? मंग कोण?… गावातलीच लोकं. मास्तर… डॉक्टर? डॉक्टर खुरपतो? आपल्या पायानं येतो? आन रोज किती देता?… फुकट?… आन जाताना तोच तुला थँक्यू म्हणतो?"

आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. ओसरीवरची मांजर उठून गेली.

"अहो, सोडा तो स्टार्टर, हिकडं या! डॉक्टर फुकट खुरपतोय आन वर थँक्यू म्हणतोय!… अगं, आमाला माणूस मिळंना गं! पिकअप पाठवून दुसऱ्या गावच्या बाया आणाव्या लागत्यात, दोनदा चहा द्यावा लागतो, जरा बोललं की दुसऱ्या दिवशी येत न्हाईत. आन तुझ्याकडं रांग लागलीय! हिकडं धाड समदे. टोमॅटोचं दीड एकर पडलंय खुरपायचं. जेवायला घालते. त्यांना सांग, थँक्यू बी म्हणते!"

हसता हसता कुठेतरी त्यांचा आवाज बदलला. त्यांना डोळ्यांपुढे माडीवरची खोली दिसत होती. विसावी तारीख येणार, जाणार, आणि तो कूलर तिथे प्लास्टिकसकट तसाच उभा राहणार. राग आला की साळुबाईंच्या जिभेला धार चढायची.

"एक सांग मला. शिकलीस कशापायी तू?… न्हाई, सांगच. नववीत व्हतीस, खुरपून हात सोलले म्हून रडलीस. मी काय म्हणाले व्हते? शीक, म्हंजी खुरपं सुटंल. नारायणगाव झालं, पुणं झालं, इमानात बसलीस. एवढं समदं करून पोचलीस कुठं? खुरपणीला! हेड म्हणं! त्याला आमच्यात मुकादमीण म्हणत्यात… काय?… मी येऊ? तिकडं?… काय दाखवायला?… अगं, जलम गेला हितं खुरपण्यात. आता इमानात बसून खुरपायला येऊ? लोक इचारतील, साळुबाई, लेकीनं बोलावलं का? मी म्हणंन, व्हय, तण लई माजलंय तिकडं!"

यावर त्या पुन्हा हसल्या. पलीकडून कोणी हसलं नाही.

"हॅलो?… हॅलो? गेला का फोन?… स्नेहल?… हायेस, मंग बोलत का न्हाईस?… काय झालं? आवाज का असा येतोय?… मी कवा हसले? आत्ता हसले ते सोड… मागल्या बारीला बी?… आत्याच्या पुढ्यात? 'घसरगुंडीवाली' म्हणाले व्हते मी तुला?… गंमत केली असंल… तुला न्हाई वाटली गंमत… म्हून मागल्या उन्हाळ्यात आली न्हाईस? रजा मिळाली व्हती? आन मला सांगितलंस, मिळाली न्हाई?"

स्टार्टरची खुडखुड थांबली. हौशीरामांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. तीन उन्हाळे साळुबाईंनी त्या डोंगराला शिव्या घातल्या होत्या, की ह्यानं माझी लेक अडवून ठेवली. यातला निदान एक उन्हाळा डोंगराच्या नावावर नव्हता, आणि हे आता त्यांना चांगलंच लागलं.

"बरं… बरं, न्हाई बोलत. सांग तू. पयल्यापासनं सांग… न्हाई गं, खरंच. तुझी शप्पथ… हं… हं… काटेरी गवत. जांभळ्या बोंडाचं… कुठनं तरी भायेरनं आलेलं, हं. आपल्या गाजरगवतावानी… ते माजलं की फुलं येत न्हाईत. कळलं. मंग?… उभ्यानं ओढत्यात. आन वरनंच तुटतं. तुटणारच की!… बरं, बोल, बोल तू… मूळ तसंच राहतं. हं… मंग तू काय केलंस?… खुरपं न्हाई. चाकू घेतलास… बुडाला तिरपा घातला. मनगट आत वळवलं… मूळ सैल झालं की दोन बोटांत धरून…"

साळुबाईंचा उजवा हात आपोआप हवेत वळत होता. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"कुणी सांगितलं तुला हे?… मी? मी कवा शिकवलं? तुझे हात सोलले तवापासनं मी तुला खुरप्याला शिवूच दिलं न्हाई. बांधावर बसवायचे, पुस्तक देऊन… व्हय, बोरीखाली… काय करायचीस?… बघायचीस? मला?… रोज?"

साळुबाईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"मला वाटायचं, वाचतीस."

पस्तीस वर्षं त्या खुरपत आल्या होत्या. लोकांच्या रानात, मग स्वतःच्या. त्यात कुणी बघण्यासारखं काही असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"बरं, मरू दे ते. तुझी ती लोकं नीट करत्यात का?… न्हाई? का?… कुठं बसता येत न्हाई? खाली?… उकिडवं बसताच येत न्हाई? समद्यांना?… डॉक्टर मागं पडतो? अरे देवा… काय घेत्यात? गुडघ्याखाली गादी?… गादी घेऊन खुरपायला येत्यात! आन तू काय करतीस, गाद्या झटकतीस?… आता हे बी हसायचं न्हाई का?… तूच हसतीस की मंग!… तुला तरी जमतं का बसायला? किती वेळ?… पाच मिनिटं. म्हंजी जमत न्हाई. सहा खुरपी पाठवून काय व्हणार हाय कपाळ, खुरपं आपोआप चालतं का? आधी बसणारा पायजे… अगं, तू बांधावरनं बघितलंस. पायाचं कुठं दिसतंय बांधावरनं? ते हितं माझ्या शेजारी बसून शिकावं लागंल… मंग ये की! कवा मोकळी असतीस, सांग… ऑगस्टपर्यंत कार्यक्रम. आन बर्फ?… नोव्हेंबराच्या शेवटाला. मंग मधलं तीन म्हयनं काय करतीस?… काहीच न्हाई? डोंगर बंद?… मंग दिवाळीला का येत न्हाईस?… काय?… तिकीट काढलंय? दिवाळीचं? कवा?… जावई बी?… अगं ए बये, मंग फोन उचलल्या उचलल्या सांगायचं न्हाई का? अर्धा तास मी हितं जीव जाळतीय आन तू फुलं काय, पाळणं काय… काय म्हणालीस?… पयलंच वाक्य ते व्हतं?… 'विसाला न्हाई, दिवाळीला येते'… असं म्हणालीस तू?"

हौशीराम हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "मलाबी ऐकू आलं व्हतं, हितवर."

"तुमी गप बसा. ऐकू आलं व्हतं तर सांगायचं!… तुला न्हाई गं, बापाला… हां… हां, मीच बोलू दिलं न्हाई तुला. कळलं मला… बरं. चुकलं माझं… ऐकू आलं ना? मंग परत म्हणायला लावू नको. ठेव."